आधी आवाज, मग फ्लेक्स

बसूअण्णाकडं फ्लेक्स छापायला गेलात तर तो माप विचारत नाही, रंग विचारत नाही, कधी पाहिजे तेही विचारत नाही. तुम्ही आणलेल्या फोटोवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "ह्यांचा आवाज ऐकवा."

म्हणजे फोटोतल्या माणसाला फोन लावायचा. अण्णा तो स्पीकरवर टाकतो, भिंतीवरचा पंखा बंद करतो, आणि पलीकडून 'हॅलो' आलं की एकच प्रश्न टाकतो.

"जेवलासा काय?"

पलीकडचा माणूस गडबडतो. "व्हय, जेवलो की. कोण बोलतंय?"

"काय हुतं?"

"वांगं हुतं. पर कोण बोलतंय?"

"फ्लेक्सवाला. तुमचा वाढदिवस हाय. ठेवा."

फोन बंद, पंखा चालू. मग अण्णा खुर्ची वळवून तुम्हाला विचारतो, "हं, माप सांगा."

राजारामपुरीच्या एका आडव्या गल्लीत त्याचं 'नंदी डिजिटल' आहे. पुढं काउंटर, मागं खोलीभर मशीन. कपाळावर विभूतीचे तीन पांढरे पट्टे आणि हाताची बोटं शाईनं गुलाबी, असा हा माणूस. बोलणं आपल्यासारखंच, पण मशीन अडलं की तोंडातून कानडी बाहेर पडतं. गाव तिकडं सीमेवरचं.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे मला हा प्रश्न का खुपला ते कळेल. माझं भांड्यांचं दुकान आहे. त्याच्या आधी मी सायकलच्या कॅरिअरला कुकरच्या शिट्ट्या आणि रबरं बांधून गल्लोगल्ली हिंडलोय. मला कुणी हात दिलेला नाही. त्यामुळं मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. अनोळखी माणूस जेव्हा 'जेवलासा काय' असं विचारतो तेव्हा पुढच्या वाक्यात तो काहीतरी विकतो. मी स्वतः कितीतरी कुकर असेच विकलेत.

आणि हा माणूस पुढच्या वाक्यात काहीच विकत नव्हता. संशय येणार नाही तर काय होईल?

पहिल्यांदा गेलो ते दिवाळीच्या योजनेचा फ्लेक्स करायला. जुनं भांडं आणा, नवं घेऊन जा, आणि मध्ये हात जोडलेला माझा फोटो. अण्णानं फोटोवर बोट ठेवलं. "ह्यांचा आवाज ऐकवा."

"अहो, मीच आहे तो."

त्यानं फोटो बघितला, मला बघितलं. "मग बोला. जेवलासा काय?"

"तुम्हाला काय करायचंय? दर सांगा."

"आला आवाज. जित्ता माणूस हाय."

"मेलेला माणूस दर विचारेल काय?"

"तुम्ही इचारशीला," अण्णा म्हणाला आणि मशीनकडं वळला.

माझं टाळकं तिथंच सणकलं होतं. पण चार दुकानं फिरून आलो होतो आणि रंग त्याच्यासारखे कुणाचे नव्हते. दुसरीकडं पितळेचा हंडा छापला की गूळ दिसायचा. अण्णाच्या फ्लेक्सवरच्या हंड्यात तोंड बघून भांग पाडावा.

सल्ले मात्र न मागता. "मालक, पिवळ्यावर लाल अक्षरं नगं. भांड्याचं दुकान रसवंती वाटंल." मी म्हटलं, बरं. "तुमचा फोटू बारका करूया, कुकर मोठा." मी म्हटलं, का? "गिऱ्हाईक कुकर न्यायला येणार. तुम्हास्नी कोण न्हेतंय?"

फ्लेक्स आल्यावर मी खिशातला टेप काढला. मी सगळं मोजून घेतो. दोन बोटं कमी भरला. तसाच गुंडाळून परत आणला आणि काउंटरवर आपटला.

"दोन बोटं कुठं गेली?"

"मुडपात. कड दुमडून चिकटवली, तवा तर त्यात रिंगा बसल्या."

"मग मुडपाचे पैसे मी का द्यायचे?"

"नगा दिऊ. मुडप सोडवून देतो. वारं सुटलं की जयसिंगपुराकडं हुडकत जावा."

अशी आमची ओळख झाली. म्हणजे भांडण झालं. माझ्या बाबतीत ते एकच असतं.

पुढं जात राहिलो आणि बघत राहिलो. एकदा एका तरुण नेत्याचे कार्यकर्ते आले. मध्ये नेता आभाळाएवढा आणि खाली शुभेच्छुकांची तोंडं, ओळीवर ओळी, बियाण्याच्या ट्रेमध्ये रोपं लावावीत तशी. अण्णा म्हणाला, "सगळ्यांचा आवाज ऐकवा." पोरं हसली. अण्णा हसला नाही. शेवटी दोन दिवस बसून त्यानं एकेकाला फोन लावले. अर्ध्या राजारामपुरीत कुणाकडं कसली आमटी झाली हे आम्हाला कळलं. तिसऱ्या ओळीतला एकजण म्हणाला, "माझी भाकरी झाली, पण मी त्याला शुभेच्छा कधी दिल्या? माझा फोटू काढ तिथनं!" चौथ्या ओळीतला म्हणाला, तो काढत असाल तर मला वर घ्या. त्या फ्लेक्सपायी गटात फूट पडली असं म्हणतात. अण्णाला त्याचं काही नव्हतं. त्याला फक्त एक तोंड कमी छापावं लागलं.

आणखी एका दिवशी एक गवळी आला. त्याच्या म्हशीचा वाढदिवस. म्हशीच्या शिंगांना मोरपिसं, गळ्यात माळ, फोटो झकास. अण्णानं बोट ठेवलं.

गवळी म्हणाला, "अण्णा, म्हस हाय ती."

"मग काय झालं? जित्ती हाय न्हवं? ऐकवा."

गवळ्यानं घरी फोन लावला. तिकडं त्याच्या बायकोनं फोन गोठ्यात नेऊन म्हशीच्या तोंडाला धरला. म्हैस गप्प. गवळी स्पीकरवर "लक्षे, ए लक्षे" करत गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला. तरी म्हैस गप्प. मी म्हटलं, आता बघू हा काय करतो. अण्णानं फोन जवळ घेतला आणि गवळ्याच्या बायकोला विचारलं, "वहिनी, वैरण काय घातलीया?"

"कडबा आणि पेंड."

तेवढ्यात तिकडून रवंथ केल्याचा मचमच आवाज आला. अण्णा समाधानानं म्हणाला, "जेवतीया. माप सांगा."

लोक हसून सोडून द्यायचे. मी सोडणाऱ्यातला नाही. इतक्या लोकांचे नंबर ह्याच्याकडं जमा होतात, त्याचं हा करतो काय? कर्ज देणाऱ्यांना विकतो? लग्नं जमवतो? कोण कधी घरी असतो ते कुणाला कळवतो? मी एकदा वाढदिवसाचा फ्लेक्स करताना मुद्दाम माझा दुसरा नंबर दिला, जो कुणालाच ठाऊक नाही. म्हटलं, ह्यावर कर्जवाल्यांचे फोन यायला लागले की ह्याची मानगूट धरायची. महिने गेले, एक फोन आला नाही. मग पुढच्या वाढदिवसाला आला. अण्णाचाच.

"मालक, जेवलासा काय?"

"यंदा फ्लेक्स नाही करायचा."

"नगा करू. काय हुतं?"

"मटण."

"बरं," म्हणाला आणि ठेवला.

मी तासभर फोन हातात घेऊन बसलो होतो. ह्यात ह्याचा फायदा कुठं, ते मला सापडत नव्हतं. आणि ज्यात समोरच्याचा फायदा सापडत नाही तो सौदा सगळ्यात धोक्याचा.

त्यात तो डबा. काउंटरच्या कडेला, संगणकाच्या बॅटरीवर, रोज एक तीन पुडाचा डबा ठेवलेला असायचा. भांड्यांत माझी नजर चुकत नाही. जुना, जाड पत्र्याचा, पितळी कडीचा. असं काम आता होत नाही. पण मी दुपारी गेलो, चारला गेलो, सातला गेलो, तो डबा उघडलेला मी कधी बघितला नाही. एकदा अण्णा मागं मशीनवर असताना मी सहज उचलून बघितला. हलका. हातानं सांगितलं, आत काही नाही. रिकामा डबा रोज दुकानात आणणारा माणूस संध्याकाळी त्यातून काय घेऊन जात असेल, ह्याचाही मी बराच विचार केला.

समोरच्या चहावाल्याला विचारलं. तो खदाखदा हसला. "म्हायती न्हाय तुम्हास्नी? पयल्यांदा मशीन आणलं तवा अण्णानं एका गुरुजींच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापलं. दोन फायली उघड्या हुत्या, मथळा इकडचा तिकडं गेला. गुरुजी सकाळी दात घासत दारात आले तर सगळी आळी रडत उभी. तवापासनं अण्णा आवाज ऐकल्याबिगर छापत न्हाय."

ऐकून मीही हसलो. पण घरी येताना वाटलं, हे अर्धंच झालं. जिवंत आहे का ते बघायला 'हॅलो' पुरतं. वांगं कशाला लागतं?

मग माझं नवं दुकान निघालं, राजारामपुरीतच, अण्णाच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. दर्शनी बाजूला भलामोठा फ्लेक्स लावायचा होता. मध्ये दुकानाचं नाव, एका बाजूला भांडी, दुसऱ्या बाजूला 'आमचे मार्गदर्शक'. तिथं कुणाचा फोटो, ह्यावरून घरात वाजलं.

मला एक थोरला भाऊ आहे. दादा. वारणानगरला नोकरी केली, आता निवृत्त होऊन तिथंच राहतो. आई-वडिलांच्या माघारी वडीलकीची जागा त्याची. पण माझ्या पहिल्या दुकानाच्या उद्घाटनाला तो आला नाही. मी दारात हार घेऊन उभा होतो, दुपारपर्यंत. पाहुणे विचारत होते, दादा कुठं? त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. लग्नकार्यात भेटलो तरी मी एका पंगतीला आणि तो दुसऱ्या.

बायको म्हणाली, "फ्लेक्सवर भाऊजींचं तोंड दिसलं न्हाय तर पावणं जेवण सोडून तेवढंच बोलत बसतील."

मी विचार केला आणि मला एकदम पटलं, पण वेगळ्या कारणानं. दादाचा फोटो लावायचा. चांगला मोठा. 'आमचे मार्गदर्शक' म्हणून. आणि त्याला बोलवायचं नाही. म्हणजे मी भावाला डावललं असं कुणी म्हणायला नको, आणि फ्लेक्सवर असलेला माणूस मांडवात दिसला नाही की कोण वाईट ते गावानं बघावं. असा बिनखर्चाचा डाव मला फार दिवसांनी सुचला होता.

मी दादाचा जुना फोटो घेऊन अण्णाकडं गेलो. त्यानं बोट ठेवलं.

"त्यांचा फोन लागत नाही," मी म्हटलं.

"लागला की या."

"अहो, माझा भाऊ आहे. जिवंत आहे, मी सांगतो की."

"कधी बोलला हुतासा शेवटचं?"

मी फोटो खिशात घातला. अण्णानं पंखा बंद केला नाही की चालू केला नाही. नुसता बघत राहिला. मी तडकून दुसऱ्या दुकानात गेलो. तिथं त्यांनी संगणकावर दादाला ओढून ताणून चौकटीत बसवला, तर दादाचं तोंड भोपळ्याएवढं झालं. वर पूर्ण आगाऊ रक्कम मागितली. आगाऊ मी बापाला देत नाही.

मग डोकं चालवलं. आमच्या दुकानातला मारुती माझ्याच वयाचा, जत्रेतल्या नाटकात काम केलेला. त्याला सांगितलं, फोन आला की तू माझा भाऊ. जेवण विचारलं की काहीही सांग. आणि त्याचा नंबर घेऊन गेलो अण्णाकडं.

"जेवलासा काय?"

"व्हय!" मारुतीनं नाटकातला आवाज काढला. "श्रीखंड-पुरी!"

"धाकट्याचं दुकान निघालंय म्हणं."

"लई आनंद झाला! अभिमान वाटतो मला त्याचा!"

अण्णानं फोन ठेवला आणि फोटो माझ्याकडं सरकवला. "ह्यो भाऊ न्हाय."

"कशावरनं?"

"न बोलणारा थोरला भाऊ असता तर आधी म्हणला असता, कुणाचं दुकान? मला काय सांगताय?" मग म्हणाला, "मालक, श्रीखंड-पुरी खाल्लेला माणूस एवढ्या जोरात बोलत न्हाय. त्याला झोप आल्याली असती."

उद्घाटन तोंडावर आलं होतं. पुढचा भाग रिकामा, नुसते बांबू उभे. येणारेजाणारे विचारायचे, काय निघतंय, केशकर्तनालय का? मी शेवटी भर दुपारी अण्णाच्या दुकानात जाऊन दादाचा खरा नंबर काउंटरवर लिहून ठेवला. मला खात्री होती, अनोळखी नंबर दादा उचलत नाही. मग म्हणता आलं असतं, घ्या, माझी काय चूक?

अण्णानं पंखा बंद केला. घंटी वाजत राहिली. मी उठायच्या बेतात होतो.

"कोण?"

तोच आवाज. पण जरा वाळलेला. मी परत खाली बसलो.

"जेवलासा काय?" अण्णानं विचारलं.

"न्हाय अजून."

"का वो? एक वाजून गेला."

"ही पुण्याला गेलीया, लेकीच्या बाळंतपणाला. एकट्यासाठी कोण करत बसतंय? सकाळची आमटी हाय, बघू."

"भात तरी टाका. आमटी नुसती पिऊ नये, पित्त होतंय."

"टाकतो की." दादा अनोळखी माणसाशी असा बोलत होता जणू काही तो शेजारच्या खोलीत बसलाय. मी बोटानं अण्णाला खुणावलं, फ्लेक्सचं काढू नको, झालं आता, आला आवाज. अण्णानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"तुमचा धाकटा भाऊ कोल्हापुरात हाय न्हवं?"



"हाय," दादा म्हणाला. "काय झालं त्याला?"

"काय न्हाय वो, त्यांच्या फ्लेक्सचं—"

"फ्लेक्स?" दादाचा आवाज चिरकला. "बाळूचा? कसला फ्लेक्स लावताय बाळूचा? कोण बोलतंय? पावणं, खरं सांगा. दवाखान्यात हाय काय?"

"आवो न्हाय, दुकानाचा—"

"मला त्याचा आवाज ऐकवा!" दादा ओरडला. "काय सांगायचं ते मागनं सांगा. आधी आवाज ऐकवा त्याचा!"

अण्णानं फोन उचलून माझ्यापुढं धरला. बाळू म्हणून हल्ली मला कुणी हाक मारत नाही. शेठ म्हणतात, मालक म्हणतात.

"दादा," मी म्हटलं. "हाय मी. बरा हाय."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज. मग एकदम वरच्या पट्टीत, "जेवलास काय?"

"न्हाय अजून."

"एवढ्या मोठ्या दुकानाचा मालक झालास आणि टायमावर जेवायची अक्कल न्हाय अजून!"

मग मात्र माझा तोल गेला. "अक्कल काढू नकोस! तू आलतास काय माझ्या दुकानाला? दारात हार घेऊन उभा हुतो मी!"

"बोलावलतंस काय मला? पत्रिका पोस्टानं धाडलीस! सख्ख्या थोरल्या भावाला पोस्टानं! अक्षत न्हाय, नारळ न्हाय, दारात येऊन 'दादा, चल' म्हणणं न्हाय. पोस्टमननं बोलावलं, मग पोस्टमनलाच हार घालायचा हुता!"

त्या वेळी माझ्याकडं पाठवायला माणूस नव्हता, दुकान सोडून जायला वेळ नव्हता. तो मुद्दा मी आजही सोडलेला नाही. आम्ही स्पीकरवर यथेच्छ भांडलो. चहावाला दारात येऊन उभा राहिला. रंगाची चौकशी करायला आलेलं एक गिऱ्हाईक बाकड्यावर बसून ऐकू लागलं. शेवटी दोघांचाही दम संपला आणि मी म्हटलं, "रविवारी येतो नारळ घेऊन. घरात असशील काय?"

"मी कुठं जातोय?" मग जरा थांबून, "ते फ्लेक्सवालं पावणं हायत काय अजून? दे त्यास्नी."

अण्णानं फोन जवळ घेतला.

"पावणं," दादा म्हणाला, "तुम्ही जेवलासा काय?"

त्या दुकानात मी किती फोन ऐकले असतील. वांगी, आमट्या, पेंड, कडबा, सगळं लोकांनी सांगितलं आणि फोन ठेवले. हे उलट विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आणि अण्णाही, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. त्यानं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"न्हाय," तो म्हणाला.

"का वो?"

"भात टाका तुम्ही," अण्णा म्हणाला आणि फोन ठेवला. पंखा चालू करायचं विसरला.

दादाचा फोटो मशीनवर चढला. शाईची डोकी इकडून तिकडं फिरू लागली, आणि कपाळापासून खाली दादा हळूहळू बाहेर यायला लागला. मी विचारलं, "अण्णा, हा डबा रिकामा कशाला आणता?"

एरवी त्यानं मलाच दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मशीनकडं बघत म्हणाला, "अव्वा, म्हंजी आई, भरून द्यायची. आणि बरोबर एकला फोन करायची. ऊटा आयता? म्हंजी, जेवलास काय? कामात असलो की मी म्हणायचो, आयतु. झालं म्हणून. तिला लगेच कळायचं. म्हणायची, खोटं बोलतोस. उपाशी माणसाचा आवाज येगळा असतो."

"मग?"

"मग काय? ती गेली. डबा घेतला न्हाय की गाडीवर येताना हात मोकळा वाटतोय. म्हणून आणतो." एवढं बोलून तो उठला आणि दादाच्या कानापाशी शाई फुटली का ते वाकून बघू लागला.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. जे तोंडात आलं ते बोललो. "दर किती लावणार?"

"नेहमीचाच."

"बरं," मी म्हटलं.

अण्णानं चमकून वर बघितलं. मी घासाघीस केली नाही हे त्याला पचेना. फ्लेक्स गुंडाळून देताना त्यानं स्वतः टेप काढून माझ्यादेखत मोजून दिला. माझ्या मनात काय आहे ह्याचा त्याला संशय आला असावा.

दादा उद्घाटनाला आला. आला तो फ्लेक्ससमोर उभा राहून पहिलं वाक्य बोलला, "फोटू जुना लावलास. लोक म्हणतील वय चोरतोय." फ्लेक्सवर कुकर मोठा, दादा त्याच्या खालोखाल आणि मी कोपऱ्यात. ते अण्णाचं काम. हार घालून झाल्यावर दादानं विचारलं, "ते फ्लेक्सवालं पावणं कोण?" अण्णा बाजूला शिडीवर चढून सुटलेली एक रिंग बांधत होता. दोघं कोपऱ्यात बराच वेळ बोलत उभे राहिले. मी यजमान, मला तिकडं जाता येईना, आणि काय बोलतात तेही ऐकू येईना.

आता माझी खरी तक्रार सांगतो. दादा मला आठवड्यातून एकदा फोन करतो. तोही बहुतेक माझी चूक काढायला. पण अण्णाला रोज करतो. रोज! ही बातमी मला चहावाल्यानं दिली. वहिनी पुण्याहून परत आल्या, तरी फोन चालूच. दोघांचं एवढं काय शिजतंय? माझ्या धंद्यातलं दादाला कळत नाही, आणि अण्णाला फ्लेक्सशिवाय दुसरं काही कळत नाही. माझ्याबद्दलच बोलत असणार.

म्हणून परवा मी काम नसताना एकच्या सुमाराला अण्णाकडं जाऊन बसलो. हातात जुना फ्लेक्स घेतला, रंग उतरल्याची खोटी तक्रार करायला. अण्णा मशीनवर होता. डबा नेहमीच्या जागी. फोन वाजला.

अण्णानं पंखा बंद केला, पण स्पीकर लावला नाही. मी कान लांब केले. तरी दादाचा आवाज मोठा, बाहेर आलाच. कानडीतलं अक्षरही न येणारा माझा भाऊ, घसा साफ करून, शाळेत कविता म्हणावी तसा म्हणत होता, "ऊटा आयता?"

"आयता, दादा. त वर जोर द्या," अण्णानं दुरुस्त केलं.

"ते ऱ्हाऊ द्या. आयता काय, सांगा."

अण्णानं माझ्याकडं पाठ केली. "आयतु," म्हणाला.

पलीकडनं दादा गरजला, "खोटं बोलताय!"

अण्णाचे खांदे हलले. तो हसत होता की काय ते मला पाठमोरं दिसलं नाही. फोन तसाच कानाला लावून त्यानं गुलाबी बोटांनी डबा पुढं ओढला आणि पितळी कडी वर केली. मी मान उंच करून बघितलं. वरच्या पुडात भात होता.